काटा मधोमध

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची बुलेट आमच्याकडे आली. १९९४ सालची, साडेतीनशे सीसीची, किक मारून चालू करायची. गाडी आली, पण तिच्याबरोबर अब्बांची एक सवय यायला हवी होती, ती काही आली नाही. गाडी चालू झाली की अब्बा आधी हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरकडे पाहत. काटा उजवीकडे झुकला तर बॅटरीत वीज जाते आहे, डावीकडे झुकला तर बॅटरीतून खर्च होते आहे. "थोडं अंतर गेल्यावर काटा मधोमध आला की समजायचं, बॅटरीचं पोट भरलं," असे ते म्हणत. आम्ही ऐकत होतो, लक्षात मात्र ठेवले नाही.

दोन वर्षांपूर्वी जुनी बॅटरी गेली. अब्बांच्या ओळखीच्या एका चाचांचे मिरजेत बॅटरीचे लहानसे दुकान आहे. त्यांच्याकडून नवी आणली. ती चार महिन्यांत गेली. मुदतीत होती म्हणून चाचांनी काही न बोलता बदलून दिली. दुसरी तीन महिन्यांत गेली. आतले पाणी आटलेले, झाकणांभोवती पांढरी पूड, ॲसिडचा उग्र वास.

चाचा म्हणाले, "सर, गाडी एकदा घेऊन या. चार्जिंग तपासून बघू."

आम्हाला राग आला. "गाडीत काही दोष नाही. काटा तर कायम उजवीकडे असतो, चार्जिंग झकास आहे. तुमचा मालच खराब आहे," असे गिऱ्हाइकांसमोर बोलून आम्ही निघून आलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितले, "त्या दुकानात जाऊ नका." शिक्षकाच्या शब्दाला गावात थोडे वजन असते. दोघातिघांनी खरेच जाणे बंद केले.

तिसरी बॅटरी दुसऱ्या दुकानातून घेतली. दीड महिन्यात तिलाही तोच वास येऊ लागला. मधल्या काळात हेडलाइटचा बल्बही दोनदा उडाला होता. बल्ब काही चाचांकडून घेतलेले नव्हते. पण ज्याला दोषी ठरवून टाकले, त्याच्या बाजूचा पुरावा डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी गाडी मेस्त्रीकडे नेली. त्याने बॅटरीला मल्टिमीटर लावला आणि ॲक्सिलरेटर थोडा दिला. आकडा चढत चढत १७ व्होल्टच्या वर गेला. "सर, चौदा-साडेचौदाला थांबायला पाहिजे. तुमची बॅटरी उकळतेय," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर जी वीज तयार करतो, ती दिशा बदलत राहणारी, म्हणजे एसी. बॅटरीला लागते एकाच दिशेची, डीसी. हे काम रेक्टिफायर करतो. त्यातले डायोड विजेला एकाच बाजूने जाऊ देतात. आणि टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक असतो ना, तसा रेग्युलेटर. तो बिघडला की टाकी वाहतच राहते. ही दोन्ही कामे करणारी आमच्या गाडीतली डबी, मेस्त्रीच्या भाषेत आरआर युनिट, कधीची निकामी झाली होती. कायम उजवीकडे राहणारा काटा आम्हाला तेच सांगत होता आणि आम्ही त्यालाच चाचांविरुद्ध साक्षीदार केले होते.

मेस्त्रीने आधी बॅटरीची अर्थची वायर सुटी केली. नवे युनिट बसवण्यापूर्वी त्याच्या जागेवरचा गंज आणि रंग खरवडून लोखंड उघडे केले. अर्थ नीट मिळाला नाही तर नवे युनिटही धड काम करत नाही. गाडी चालू करून पुन्हा मीटर लावला. काटा १४.२ ला येऊन थांबला. काम जेमतेम तासाभराचे.

उर्दूच्या तासाला आम्ही 'बदगुमानी'चा विरुद्धार्थी शब्द 'हुस्ने-जन' असा शिकवतो. मुले पाठ करतात, आम्ही गुण देतो. त्या दिवशी स्वतःला किती गुण द्यायचे, हे आम्हाला कळेना.

असरनंतर मुलाला बरोबर घेऊन चाचांच्या दुकानी गेलो. सलाम केला, सगळे सांगितले, माफी मागितली. बदलून दिलेल्या पहिल्या बॅटरीचे काय झाले, हेही विचारले. जास्त चार्जिंगने गेलेली म्हणून कंपनीने ती परत घेतली नव्हती. नुकसान चाचांनी सोसले होते. आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी मोजून घेतले. "हे हिशेबाचे आहेत, घेतो," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "माफी मात्र तुम्ही इथं एकट्यात मागताय, सर. बोलला होता चारचौघांत."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

तिसरी बॅटरी चाचांनी ठेवून घेतली. प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घातले आणि रात्रभर मंद चार्जिंगला लावली. बॅटरी जितक्या एएचची, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. "घाई करून जास्त करंट दिला की प्लेटा वाकतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभे राहून सांगितले, "दोष आमच्या गाडीत होता, चाचांच्या मालात नव्हता." कोणी हसले, कोणी "असू द्या हो सर" म्हणाले. एकाने इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आमच्या सांगण्यावरून आधीच दुसरीकडून घेतली होती. चाचांचे ते गिऱ्हाईक आता परत मिळणार नव्हते.

हल्ली मुलगा मागे बसला की खांद्यावरून वाकून मीटरकडे पाहतो. कृष्णा घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत काटा मधोमध येतो. "अब्बा, पोट भरलं," तो म्हणतो.