फुंकर

नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला लॅपटॉपला हात लावू देत नाही. तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "फुंक." तो आधी माझ्याकडे बघतो, मग लाजत लाजत फुंकतो. एका तोंडात फुंकलं की दुसऱ्यातून वारा येतो, तिसरं मुकं. मग बॅटरीच्या वायरी लावायच्या. टक्क आवाज होतो आणि वाट बदलते. कुठून कुठे ते त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवायचं. भोसरीत टर्बोच्या गाड्या ट्यून करायच्या माझ्या शेडमध्ये हा विधी बरीच वर्षं चालू आहे, आणि त्याच्यामागे मी स्वतः खाल्लेली माती आहे.

एकदा मी व्हॉल्व्हवर छापलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवून नळ्या जोडल्या होत्या आणि दोन नळ्यांची अदलाबदल केली होती. गाडी डायनोवर, म्हणजे जागेवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, चौथा गिअर, सोलेनॉइडला करंट शून्य. बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला दाब, अर्ध्या बारला थांबायला हवा होता. तो ०.८ झाला, १.१ झाला, चढतच राहिला. पेट्रोल तोडायची मर्यादा १.२ वर बांधून ठेवली होती, म्हणून तिथं इंजिनानं एक आचका दिला आणि वाचलं. मालक शेजारीच चहाचा ग्लास घेऊन उभा. "दादा, हे असंच करतं का?" मी "बघतो" एवढंच म्हणालो.

काय झालं होतं? टर्बोत धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. हवा वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की हवा वाढते. याला आवर घालते वेस्टगेटची झडप. ती उघडली की धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. झडपेची दांडी एका डबीत जाते, डबीत पडदा आणि स्प्रिंग. कॉम्प्रेसरकडून एक बारीक नळी डबीत दाब आणते, आणि तो स्प्रिंगला भारी पडला की झडप उघडते. म्हणजे कुकरची शिट्टीच. घरच्या कुकरचं वजन साधारण एक बारला उचलतं, या डबीचं अर्ध्या बारला.

ती बारीक नळी चुगलखोर आहे. टर्बोनं दाब वाढवला रे वाढवला की डबीला जाऊन सांगते. सोलेनॉइड तिच्या वाटेत बसतो, सेकंदाला तीसेक वेळा उघडझाप करतो आणि थोडी चुगली बाहेर हवेत सोडून देतो. किती सोडायची, ती टक्केवारी म्हणजे ड्यूटी. डबीला वाटतं, अजून दाब झालेलाच नाही, आणि झडप मिटलेली राहते. इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोल म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते एवढंच, मोजून मापून खोटं बोलणं. मी नळ्या उलट्या लावल्या तेव्हा डबीपर्यंत काहीच पोचत नव्हतं. आणि हे खोटं एकाच बाजूला चालतं. स्प्रिंगच्या वर हवं तेवढं चढवा, खाली आणता येत नाही. कडक स्प्रिंग बसवून आलेला माणूस "पावसाळ्यात जरा कमी ठेवा" म्हणतो, तेव्हा त्याला लॅपटॉप नाही, पाना दाखवावा लागतो.

या धंद्यात मला आदर वाटतो तो साब कंपनीच्या पेर गिलब्रांड यांच्याबद्दल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या एपीसी यंत्रणेनं इंजिनाच्या अंगाला कान लावला. नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची, ठकठक ऐकू आली की सोलेनॉइडमार्फत बूस्ट खाली घ्यायचा, नाही आली तर वर जाऊ द्यायचा. म्हणजे टाकीत जसं पेट्रोल असेल तसा दाब. आपल्याकडेही पंपावर कमी-जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. गिऱ्हाईक बूस्टचा आकडा मागतो, आणि मी विचारतो, "पेट्रोल कुठलं भरता?" पुष्कळांना हा प्रश्न अपमानासारखा वाटतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात कंटाळवाणी असते. आधी साबणाचं पाणी मारून गळती बघायची. मग सोलेनॉइड बंद ठेवून नुसत्या स्प्रिंगवर एक पुल, म्हणजे डायनोवर पूर्ण जोरात एक धाव. मग ड्यूटी एकाच आकड्यावर अडकवून पुल, आकडा बदलून पुन्हा पुल, मधे इंजिन थंड होऊ द्यायचं. मध्यंतरी आलेल्या एका गाडीत १५ टक्क्यांपर्यंत ढिम्म फरक नव्हता. २५ ला ०.६, ३५ ला ०.७५, ४५ ला ०.९५, आणि ५० ला एकदम १.१. रेषा सरळ जात नाही, म्हणून तर प्रत्येक आरपीएमला कोरून ड्यूटीचा तक्ता भरायचा. साडेपाच हजारांच्या पुढे बूस्ट हळूहळू उतरतो. टर्बोच्या अलीकडे धूर साचून झडपेला ढकलतो, आणि छोट्या टर्बोचा दमही संपलेला असतो. शिकाऊ पोरं तिथं ड्यूटी वाढवतात. मी उतरू देतो. त्या टर्बोला आणखी पिळलं तर हवा तापते, हाताला फारसं काही लागत नाही.

तक्ता चांगला जमला की पुढच्या पी-आय-डीला, म्हणजे लक्ष्य आणि प्रत्यक्ष बूस्ट यांतला फरक बघून ड्यूटी सुधारणाऱ्या हिशेबाला, काम फार उरत नाही, उरू नयेच. इंटरनेटवरून आकडे उतरवून आणलेल्या गाड्या येतात. त्यांच्या आलेखात बूस्ट आधी टोक मारतो, मग खाली आपटतो, मग पुन्हा वर. यात बहुतेक वेळा गुन्हेगार असतो आय. हा उधारीची वही ठेवणारा. अडीच हजारांपासून साडेतीन हजारांपर्यंत टर्बो वेग घेत असतो, बूस्ट कमीच असणार. पण आय प्रत्येक क्षणाची तूट लिहीत जातो. बूस्ट एक बारला पोचला की तो सगळी उधारी एकदम फेडायला निघतो, आणि १.३ चं टोक येतं. त्याची वही बूस्ट लक्ष्यापासून ०.२ बारवर आल्याशिवाय उघडूच द्यायची नाही, हा माझा उपाय.

पण त्यानंही टोक पूर्ण जात नाही, कारण टर्बोला वेग असतो आणि तो हुकूम सोडल्यावर लगेच उतरत नाही. हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा शिरूरकडच्या आमच्या रानात आधी कळलं होतं. सुट्टीत आजोबांबरोबर मी रात्रीची दारं धरायला जायचो. वाफा भरला की मी ओरडायचो, "भरला!" ते म्हणायचे, "आता सांगून काय उपयोग? पाटातलं पाणी कुठं जाईल?" ते वाफ्याचे शेवटचे दोन हात कोरडे असतानाच खोऱ्यानं माती ओढून दारं बंद करायचे आणि पुढचं फोडायचे. राहिलेले दोन हात आपोआप भिजायचे. डी नावाचा भाग हेच करतो. बूस्ट कुठे आहे हे तो पाहत नाही, किती वेगानं चढतोय ते पाहतो आणि आधीच हात आखडतो. मात्र सेन्सरची नळी थरथरत असली तर तो प्रत्येक थरथरीला दचकतो. म्हणून मी डी चिमटीनं घालतो.

त्या मध्यंतरीच्या गाडीवर हे सगळं जमलं, रेषा पाटीसारखी सपाट आली आणि मी गाडी दिली. चार दिवसांनी मालकाचा फोन आला. "काका, पाचगणीच्या पुढे गाडी थोडी उशिरा ओढते." मी तक्ता भोसरीच्या हवेत भरला होता. इथे बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरच्या आसपास तो ८६ वर येतो. माझं लक्ष्य होतं निरपेक्ष १९५, म्हणजे बाहेरचा दाब धरून. इथे टर्बोला बाहेरची हवा दुपटीच्या किंचित वर दाबायची होती, तिथे सव्वादोन पट. स्प्रिंगला याची काही खबर नसते, ती फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच ओळखते. तक्ता तोकडा पडला आणि उरलेलं बिचारा आय सावकाश भरत राहिला. दुरुस्ती दोन ओळींची होती. बाहेरचा दाब जसा उतरेल तशी ड्यूटी थोडी वाढवायची, आणि टर्बो जास्त गरगरू नये म्हणून लक्ष्यही जरा खाली घ्यायचं. पुढच्या रविवारी तो पुन्हा वर गेला आणि लॉगची फाइल घेऊन आला, सोबत स्ट्रॉबेरीची पेटी.

समुद्रसपाटीचा रकाना मात्र मी अंदाजानं भरलाय. तिथे बाहेर १०१, म्हणजे हाच तक्ता पाच-सहा किलोपास्कल जास्त देणार, असा माझा हिशेब. गणपतीला तो गिरगावला मामांकडे जाणार आहे. लॉगिंग चालू ठेवायला सांगितलंय.