ओल्या हातातला ग्रेलिंग

लहानपणी खाडीवर गळ टाकायचो, तेव्हा आमिष म्हणजे गांडूळ आणि मिळालेला मासा म्हणजे रात्रीचं कालवण. मासेमारीतलं मला कळायचं ते एवढंच. म्हणून अमेरिकेत, यलोस्टोनमधल्या ग्रीब लेक या तलावाच्या वाटेवर मावसभाऊ नियम सांगू लागला, तेव्हा मी गोंधळून गेलो. परवाना हवा. गांडूळ चालत नाही, शिशाचं वजनही नाही. गळाला उलटं टोक नको. आणि ग्रेलिंग मासा लागला, तर लगेच सोडायचा.

"मग दादा, धरायचा कशाला?"

"चल तर खरा."

1988च्या वणव्यात होरपळलेल्या रानातून आम्ही पाचेक किलोमीटर चाललो. तलाव जवळजवळ 8,000 फुटांवर. दम लागत होता, डास सोडत नव्हते.

आमिष म्हणून पिसं-दोऱ्यांची एक माशी, तांदळाच्या दाण्याएवढी. ग्रेलिंगचं तोंड लहान असतं. माशीला वजनच नाही, मग ती फेकायची कशी? दादाने दाखवलं: वजन जाड दोरीत असतं. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच काठी पुढे आणायची. मला थांबवेना. माशी सारखी मागच्या गवतात अडकायची. शेवटी ती पाण्यावर पडू लागली, आणि तिच्याभोवती वलयं उठू लागली. मी तीनदा झटका दिला आणि तीनही मासे गेले.

"ओढू नकोस. काठी नुसती उचल."

चौथ्यांदा उचलली, आणि दोरी जिवंत झाली.

"आधी हात भिजव. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो."

दीड वितीचा मासा. पाण्यातच पाठीवरचा पंख शिडासारखा उभा राहिला, त्यावर निळे-जांभळे ठिपके. दादा सांगत होता, अलास्का सोडली तर अमेरिकेत हा मूळचा फक्त मिशिगनचा आणि मोंटानाकडच्या वरच्या मिसुरी खोऱ्यातला. जंगलतोड, बेसुमार मासेमारी आणि बाहेरून आणलेले ट्राउट यांनी मिशिगनमधला 1930च्या दशकापर्यंत संपवला. या तलावात तो 1921 साली आणून सोडलेला. 2017मध्ये त्याच्यासाठी इथले रेनबो ट्राउट काढून टाकले. ग्रेलिंगच्या शास्त्रीय नावात थाईमचा वास आहे, आपल्या ओव्याच्या जवळचा.

हात नाकाशी न्यावा असं वाटलं, पण मासा अजून ओंजळीत होता, कल्ले हलवत. ढकलायचा नव्हता, त्याचा तो निघेपर्यंत थांबायचं होतं. दुपारभर न जमलेलं थांबणं तेव्हा जमलं. शेपटी हलली, ओंजळ रिकामी झाली. बोटं बधिर झाली, तरी हात पाण्याबाहेर काढावेसे वाटेनात.