मारेकरी यावा म्हणून

रहस्यकथेशी माझा पहिला परिचय शाळकरी वयातला. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांनी तो घडवला. वाचक आणि लेखक यांच्यातला तेथील करार साधा होता : उत्कंठा ताणली जाईल, पण अखेरीस तिचे शमन होईल. हा करार वाचकाच्या मनात किती खोल रुजतो आणि त्याच्याकडून काय वदवून घेतो, हे मला फ्रीडरिश ड्यूरेनमॅट या स्विस लेखकाच्या ‘वचन’ (१९५८) या कादंबरीने दाखवले. माझे वाचन इंग्रजी अनुवादातून झाले.

एका लहान मुलीचा खून होतो. मारेकऱ्याला शोधून काढण्याचे वचन पोलीस अधिकारी मात्तेई तिच्या आईला देतो. संशयित फेरीवाला कबुली देऊन आत्महत्या करतो आणि प्रकरण मिटते; मात्तेईपुरते मात्र ते मिटत नाही. मृत मुलीने काढलेल्या चित्रावरून तो मारेकऱ्याचा मार्ग ताडतो, त्या रस्त्यावर पेट्रोलपंप चालवायला घेतो आणि मृत मुलीसारख्या दिसणाऱ्या आन्नेमारीला तिच्या आईसह तेथे ठेवतो. ती आमिष आहे, हे आईला ठाऊक नसते.

त्झ्वेतान तोदोरोव्हने १९६६ मध्ये शोधकथेच्या पोटात दोन कथा असतात असे मांडले : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. येथे मारेकरी वाटेतच मोटार अपघातात मरतो. पहिली कथा संपते, दुसरीला ते कळत नाही. मात्तेईचा तर्क अचूक असतो. तरी तो हरतो. याच विषयावरच्या, ड्यूरेनमॅटचाच पटकथेत सहभाग असलेल्या १९५८च्या चित्रपटात मारेकरी सापडतो. कादंबरीने ते समाधान नाकारले आणि ‘रहस्यकादंबरीची शोकप्रार्थना’ असे उपशीर्षक धारण केले.

रानात पोलीस दबा धरून बसतात, मुलगी वाट पाहत असते, या प्रसंगी मी पुस्तक खाली ठेवले. मारेकरी यावा, असे मला मनापासून वाटत होते. मात्तेईचा तर्क खरा ठरावा म्हणून एक मूल संकटात सापडावे, ही माझी इच्छा होती; आणि तिला मी इतकी वर्षे ‘उत्कंठा’ असे निरागस नाव देत आलो होतो.

पुनर्वाचनात आणखी एक गोष्ट ध्यानी आली. आरंभीच निवेदक त्या पंपावर थांबतो. तेथे खचलेला म्हातारा मात्तेई आहे आणि अकाली कोमेजलेली एक मुलगीही. ती आन्नेमारीच. शोधाची किंमत लेखकाने पहिल्याच पानांत मांडून ठेवली होती. मारेकऱ्याच्या मागावर निघालेल्या मला ती दिसली नव्हती.

वर्गात कथनमीमांसा शिकवताना उत्कंठेला मी ‘तंत्र’ म्हणत असे. आता ते म्हणताना थोडा थांबतो. कोणाला पणाला लावून आपण शेवटाची वाट पाहत आहोत, हा प्रश्न तंत्राचा नसून वाचकाच्या नीतीचा आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या आधी मला स्वतःला विचारावा लागतो.