तालमीतील माझी उमेदवारी

बालाघाटाच्या माथ्यावरून आमच्या वाशी गावावर हिवाळ्यात बोचरा वारा सुटतो. अशाच एका पहाटे माझ्या सात वर्षांच्या चिरंजीवाचे बोट धरून मी तालमीच्या दारात उभा राहिलो. मला स्वतःला कुस्तीचा गंधही नाही. माझे बालपण मिशनच्या वसतिगृहात पुस्तकांच्या संगतीत गेले. परंतु वस्तादांचे वय सत्तरीपुढचे आणि समोर पंधरा-वीस चिमुरडी मुले! त्यामुळे मुलाबरोबर बापाचीही भरती झाली. भिंतीवरील मारुतीच्या तसबिरीकडे माझी दृष्टी गेलेली पाहून वस्ताद म्हणाले, "गुरुजी, मातीला हात लावून कपाळी लावायचा. त्या वेळी मनात कुणाला आठवायचं, ते ज्याचं त्यानं बघावं." तो विषय तेथेच संपला.

माझ्याकडे काम आले मातीचे. हौद्यातील माती रोज फावड्याने उकरावी लागते, एरवी ती बसून दगडासारखी कठीण होते. ती मऊ राहावी म्हणून तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालतात. खडे वेचावे, बैठका मोजाव्या, हे मला जमू लागले. लहान मुलास प्रथम डाव शिकवीत नाहीत, पडावयास शिकवितात, हे मला तेथेच कळले. हनुवटी छातीशी धरावी, पडताना हात टेकून अंगाचा भार झेलू नये. आणि पकड असह्य झाली की "सोड" म्हणावे, म्हणजे जोडीदार तत्क्षणी सोडतो. हा शेवटचा नियम वस्ताद रोज वदवून घेत.

त्यांच्या बोलण्यात दोन नावे वारंवार येत. एक हरिश्चंद्र बिराजदार यांचे. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्यांचा निलंगा तालुका आपल्याच जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. दुसरे नाव खाशाबा जाधव यांचे. कराडजवळील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक जिंकले, आणि त्यास पाचव्या वर्षापासून मातीचे धडे दिले ते त्याच्या पित्याने. या कथेने माझे डोके फिरविले. खाशाबांचे पिता स्वतः मल्ल होते, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो. घरी चटई अंथरून मी मुलाला धडे देऊ लागलो. "हरलो असे तोंडातून काढू नकोस," असेही त्याला बजावले.

पुढल्याच आठवड्यात एका थोराड मुलाने त्याचा हात दाबून धरला. माझा मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाण्याने भरलेले. "सोड" हा शब्द काही निघेना. अखेर वस्तादांनीच दोघांस अलग केले. कोपर सुजले, आणि तीन आठवडे हात गळ्यात बांधावा लागला. त्या थोराड मुलाचा यत्किंचितही दोष नव्हता.

वस्ताद मला रागे भरले नाहीत. "तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना बघा. तुमचं पोर माझ्याकडं असू द्या," एवढेच म्हणाले. मी शिक्षक; परक्या मुलाची दहावी चूकही शांतपणे दुरुस्त करणारा. तोच मी पोटच्या मुलाच्या पहिल्या चुकीवर डोळे वटारीत होतो! त्या रात्री अंथरुणात त्याने विचारले, "बाबा, मी सोड म्हटलं असतं, तर तुम्ही रागावला असता का?" नाही म्हणण्यापूर्वी मी क्षणभर थांबलो, आणि ते थांबणे त्याच्या ध्यानात आले असावे.

हात बरा झाल्यावर तो पुन्हा येऊ लागला. मी हौद्याकडे पाठ करून धाकट्यांच्या बैठका मोजीत होतो. मागे माती थापल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ त्याचा स्वर कानी आला, "सोड, सोड!" मग दोघांचेही हसणे. मी वळून पाहिले नाही. मोजणी मात्र चुकली. सत्तावीसनंतर मी पुन्हा तेवीस म्हणालो, आणि मुलांनी एकच गिल्ला करून मला अट्ठावीसवर आणले.