वारा कोण खातंय?

परवा रविवारी बोर्डीहून झाईपर्यंत सायकली हाणल्या. जो हरेल त्याने चहा पाजायचा. समोरून बोचरा वारा. ५२ वर्षांचे काका रस्ताभर माझ्या मागच्या चाकाला चिकटून. म्हटलं, दमले बिचारे! झाई २०० मीटरवर आलं आणि काका सुसाट पुढे. माझ्या पायांत जीवच नव्हता.

"अरे, वारा पुढचा खातो, मागच्याची ३० टक्क्यांपर्यंत ताकद वाचते," चहा पिताना काका म्हणाले. "क्रिटेरियममध्ये त्याच छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. मास्टर्सवाले पोरांसारखे पळत नाहीत, लपतात. शेवटच्या वळणाआधी मात्र पुढे हवं."

ऑफिसातही मी असाच वारा खातो की काय?

पुढच्या रविवारी मी मागे राहणार. काकाही मागेच राहिले तर? झाई काही येत नाही मग!