किनवटहून कोकणात : बाटलीभर पाण्यासाठी

आमचे किनवट हे सागाच्या रानातले गाव. पैनगंगेच्या काठी वसलेले, तेलंगणाच्या सीमेला टेकलेले. पैनगंगेचे पाणी पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत पूर्वेच्या समुद्रास मिळते, हे आम्ही शाळेत शिकलो. पण समुद्र म्हणून जो असतो, तो आमच्यापैकी कोणीच डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आम्ही सहा मित्र. एक मोटारसायकलींचा मेकॅनिक, एक प्राथमिक शाळेचा मास्तर, दोघे गवंडी, एक टेलर आणि एक चहाचा गाडा चालविणारा. दोन वर्षे भिशी लावली, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि गेल्या जानेवारीत तीन मोटारसायकली काढल्या. बेत असा की महाडला जायचे, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत उतरायचे आणि कोल्हापूरवरून घर गाठायचे.

निघायच्या आदल्या रात्री मेकॅनिकची माय म्हणाली, “लेकरांनो, महाडला चाललेच तं बाबासाहेबाच्या तळ्याचं बाटलीभर पाणी आणा.”

मास्तर हसला. “मावशी, १९५६ साली आपण तीर्थं सोडली. गंगेची गडवी सोडली अन् आता तळ्याची बाटली धरायची का?”

माय काही बोलली नाही. धुऊन पुसून ठेवलेली बाटली तिने लेकाच्या पिशवीत घातली. त्या बाटलीवरून आमचा वाद जो सुरू झाला, तो पुढे वाटभर संपला नाही.

पहिला मुक्काम लातूरला केला. एप्रिल २०१६ मध्ये ह्याच शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले होते. आमच्यातला एक गवंडी त्या काळात लातुरात कामाला होता. घागरींच्या रांगा, टँकरमागे धावणारी माणसे असे सारे त्याने सांगितले. शेवटी म्हणाला, “त्या रांगेत मात्र सगळे सारखे होते. तहानेला जात नसते, पाणवठ्याला असते.” मास्तरने मान डोलावली, पण बाटलीच्या बाबतीत तो हटला नाही.

दुसऱ्या दिवशी बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करीत पुणे गाठले. तिसऱ्या दिवशी मुळशीचे धरण मागे टाकून ताम्हिणी घाटात शिरलो. एका उतारावर एका गाडीची क्लचची वायर तुटली. मेकॅनिकजवळ जादा वायर होती, म्हणून निभावले. तो कामाला लागला तोवर जवळच्या खोपटातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. कुठले गाव, किती लांब, घरी कोण कोण असते, असे सारे तिने विचारले. आडनाव विचारले नाही. सहाही जण एकाच तांब्याने पाणी प्यालो.

संध्याकाळी महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. तळे पाहून आमचा टेलर म्हणाला, “एवढंसंच आहे की!” खरेच, चित्रांतून आणि भाषणांतून ते आम्हास फार मोठे वाटले होते. पण ह्याच पाण्यापायी काय काय घडले! सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे १९२४ साली ठरविले. पण कागदावरचा ठराव ओंजळीत उतरेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत आले आणि ह्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या, गोमूत्र-शेणाचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

मास्तर म्हणाला, “हे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही, आपण इतरांसारखी माणसे आहोत एवढेच दाखवायचे आहे, असे बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत समजावले होते. मग बाटली कशाला?” मेकॅनिक म्हणाला, “मायनं सांगितलं म्हणून,” आणि पायऱ्या उतरून त्याने बाटली भरली.

चौथ्या दिवशी सकाळी महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी चढलो. खाली सावित्री आणि गांधारी ह्या नद्या. लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कान्हेरी, जुन्नरच्या शिलालेखांत अशा टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे आणि ते दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. पाणी देणे हे त्या काळी पुण्याचे काम होते. त्याच मुलखात पुढे पाणी अडविणे हा धर्म झाला. ह्यावर मात्र आमचा काही वाद झाला नाही. सारे गप्पच होतो.

तिथून मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. मग दापोलीजवळचे वणंद, माता रमाईंचे माहेर. रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहत असत. डोक्यावर मासळीने भरलेली टोपली, अनवाणी पाय आणि ही चढ-उताराची वाट! आमच्यातले गवंडी डोक्यावर पाट्या वाहून वाढलेले. त्यांना त्या ओझ्याचे वजन सांगावे लागले नाही.

आणि मग हर्णै. एका वळणावर झाडी सरली आणि समोर नुसते पाणीच पाणी. पुढची गाडी थांबली, मागच्या दोन्ही थांबल्या. कोणी काही बोलेना. डाव्या-उजव्या हाताला शेवट नाही असे काही आम्ही जन्मात पाहिले नव्हते. पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, बंदरावर होड्या लागलेल्या, वाळूत मासळीचा लिलाव चाललेला. कोळणींचा आवाज लाटांच्या वर. चहावाला बूट काढून धावला, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थू थू करीत परतला. “एवढं पाणी, अन् एक घोट पिता येत नाही!” आम्ही पोट धरून हसलो.

किनाऱ्यावरच्या एका गावी मात्र हसू मावळले. मुक्कामास खोली विचारली. मालकाने आधार कार्डे घेतली, नावे वाचली आणि खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. बाहेर ‘खोली मिळेल’ अशी पाटी तशीच टांगलेली होती. त्याच्या मनात काय होते हे आम्हास सांगता येणार नाही. पण सहाजणांच्याही मनात एकच गोष्ट आली. रात्री दुसरीकडे जागा मिळाली, जेवणही गरम मिळाले. तरी झोप उशिरा लागली. त्या रात्री मास्तरने स्वतःच पिशवीतली बाटली काढून झाकण घट्ट आहे की नाही ते पाहिले.

पाचव्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीत मोटारसायकली चढविल्या आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो. तिथून गुहागर. सहाव्या दिवशी तवसाळ ते जयगड अशी दुसरी फेरीबोट, मग रत्नागिरी. तिथे थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा बौद्ध राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला इथे आणून ठेवले. १९१० साली हा वाडा बांधून दिला, पण १९१६ साली तो इथेच मेला, मायदेश पुन्हा दिसला नाही. राजा असून त्याला ह्या समुद्रावरून परत जाता आले नाही. आम्ही मजूर माणसे, पण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने आलो होतो आणि मर्जीने घरी निघालो होतो. हे थोडे नव्हे.

आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, लातूर करीत नवव्या दिवशी रात्री किनवटला पोहोचलो. अंगाची हाडे खिळखिळी, तोंडे काळवंडलेली. मेकॅनिकने मायपुढे बाटली ठेवली. तिने ती दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ पाहिली. आम्हाला वाटले, आता डोळ्यांना लावील, घरभर शिंपडील.

ती म्हणाली, “पाणीच हाय की हे. आपल्या बोअरच्या पाण्यावाणीच.”

मग हळूच म्हणाली, “माझी माय विहिरीपासून दूर घागर घेऊन उन्हात उभी राहे. कोणी वरून वाढलं तं पाणी, नाहीतं वापस. म्या तिच्या पदराला धरून उभी राहो. मले पाह्यचं होतं, त्या पाण्यात असं काय होतं म्हून.”

मास्तरने मान खाली घातली. आम्ही पुस्तकातून शिकलेले ती लहानपणीच शिकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पाणी विहाराच्या अंगणातल्या पिंपळाच्या रोपाला घातले.

निघताना ती म्हणाली, “तुम्ही पोरं गाड्या घेऊन जाता. आम्हा बायांना समुद्र कोण दाखवील?” मास्तर म्हणाला, “मावशी, डिसेंबर १९२७ च्या वेळी महाडला बायाही होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले होते.” ती म्हणाली, “मंग आता आमची पाळी.”

वाचकहो, यंदाची भिशी आम्ही बायांच्या नावाने लावली आहे. मोटारसायकलींऐवजी गाडी ठरवू, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. रिकामी बाटली मायने घासून ठेवली आहे. ह्या खेपेस वाटेत प्यायचे पाणी तिच्यातच भरणार आहे म्हणते.