भीती कोणाची होती?

सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही, हे मी जीवशास्त्राच्या तासाला मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते, महिनाभरात नवी होणारी त्वचा काही दिवसांतच होऊ लागते आणि पेशींचे पापुद्रे साचतात, हे सगळं मला पाठ होतं. तरीही मॉलमधल्या फिश स्पाच्या, पायांची त्वचा टिपणाऱ्या माशांच्या टाकीपाशी सोरायसिस असलेली माझी आतेबहीण शेजारी बसली, तिनं सलवार वर सरकवून पाय पाण्यात सोडले, आणि मी माझे बाहेर काढले. “गुदगुल्या सहन होत नाहीत गं, ताई,” म्हणाले. खोटं बोलले.

पुढे मी या खोट्याला स्वच्छतेचं रूप दिलं. फिश स्पा म्हणजे घाण पाणी, भोंदूगिरी, असं ठासून सांगू लागले. ते सांगताना डोळ्यांसमोर ताईच्या पोटऱ्या असायच्या, हे कोणालाच बोलले नाही.

मग ताईनं तुर्कस्तानातल्या कंगालबद्दल वाचलं. सिवास प्रांतातल्या तिथल्या कोमट झऱ्यांचं पाणी 35 अंशांच्या आसपास असतं. त्यात गारा रूफा नावाचे छोटे, बिनदातांचे मासे राहतात. पाण्यात खाद्य कमी, म्हणून ते माणसाच्या त्वचेवरचे मऊ झालेले पापुद्रे खातात. सोरायसिसचे रुग्ण तिथं उपचारासाठी राहतात. “तू नीट वाचून सांग, जाऊ का मी?” ताईनं विचारलं.

मी वाचायला बसले ती तिला नाही म्हणण्यासाठी कारणं शोधायला. आधी सापडला 2006 साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियातला अभ्यास. 67 रुग्णांना तीन आठवडे माशांच्या पाण्यात बसवलं, सोबत अतिनील किरणही दिले. आजाराची तीव्रता सरासरी सुमारे 72 टक्क्यांनी उतरली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय माशांचं किती आणि किरणांचं किती, हे सांगता येत नाही. आजार मुळापासून जातो असंही नाही. पण मी सरसकट भोंदूगिरी म्हणत होते, तितकं ते सोपं उरलं नाही.

तरी मला हवं ते वाक्य मिळालं नव्हतं. ते मिळेल म्हणून मी ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेच्या 2011 सालच्या सूचना उघडल्या. फिश स्पातून संसर्गाचा धोका फार कमी आहे, पण तो नाहीच असं म्हणता येत नाही, असं त्यांत होतं. मासे टाकीत असताना ती निर्जंतुक करता येत नाही, हे तर उघडच आहे. इथवर माझंच खरं ठरत होतं. पुढे, फिश स्पा कोणी टाळावा ते दिलं होतं: प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, मधुमेहींनी आणि सोरायसिसच्या रुग्णांनी.

तिथं मी थांबले. ज्यांना जपायचं त्यांच्या यादीत ताई होती. तिची त्वचा भेगाळलेली, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट सुरू. त्या पाण्यात धोका असलाच, तर मला ताईपासून नव्हता, ताईला त्या टाकीपासून होता. मला तेव्हा खरोखर आरोग्याची काळजी असती, तर मी तिचे पाय बाहेर काढायला लावले असते. मी फक्त माझे काढले आणि तिला तिथंच बसू दिलं. किळस आधी आली होती; स्वच्छतेचं कारण मी नंतर जोडलं.

ताईला सगळं सांगितलं. कंगालचं डॉक्टरांशी बोलून ठरव, इथल्या टाकीत मात्र पाय घालू नकोस. गारा रूफाच्या नावाखाली कधी दात असलेले दुसरेच मासे सोडतात. मग गुदगुल्यांचं खोटंही कबूल केलं.

“मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “त्यानंतर मी गणपतीपुळ्याला गेले, तेव्हा समुद्रातही उतरले नाही.”

मी आजही मॉलमधल्या फिश स्पाच्या बाजूनं नाही, पण माझं कारण आता पूर्ण वेगळं आहे. वर्गात सोरायसिस शिकवताना मी पेशींच्या आधी माणसांबद्दल बोलते. एका तलावात पोहा, एका ताटात जेवा, हात हातात घ्या, काही होत नाही, हे सांगते. ही माहिती मला तेव्हाही होती. त्या माहितीप्रमाणे वागण्याइतका माझा तिच्यावर विश्वास नव्हता, आणि त्याची किंमत ताईनं मोजली.